हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचं एमएस संपत आलं. ‘काय शिकले’ ते कसं लिहू? सल्ला हवा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची. फिजिओथेरपीची पदवी घेऊन पुण्यात काही वर्षं रुग्णालयात काम केलं आणि आता अमेरिकेत, इंडियानापोलिसला, हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचं, म्हणजे रुग्णांच्या नोंदी आणि आरोग्याची माहिती हाताळण्याच्या शास्त्राचं, एमएस करतेय. शेवटचं सेमिस्टर चालू आहे.

पदवीसाठी एक लेख द्यायचा आहे. दोन वर्षांत कुठली कौशल्यं मिळवली, ती कशातून आली, आणि पुढे कुठे वापरणार, असा विषय. मला तो नुसता पार पाडायचा नाही, कारण पुढच्या मुलाखतींमध्ये हेच बोलावं लागणार आहे. शिवाय घरी आईबाबा विचारतात, “तू पेशंट बघणं सोडून नक्की काय शिकलीस?” त्यांनाही समजेल असं उत्तर माझ्याकडे असायला हवं असं मनापासून वाटतं.

कागद घेऊन बसले की एक यादी तयार होते: एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), आर (संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा), टॅब्लो (आलेख बनवायचं सॉफ्टवेअर), थोडं पायथन, आयसीडी-१०, स्नोमेड आणि लॉइंक (आजार, वैद्यकीय संज्ञा आणि तपासण्यांच्या कोडप्रणाली), फायर (नोंदींच्या देवाणघेवाणीचं मानक), हिपा (आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकी कायदा). वर्गातल्या प्रत्येकाची यादी हीच आहे. त्यात माझं काय, ते दिसत नाही. आणि काही वर्षांनी यातली निम्मी हत्यारं बदललेली असतील असंही सगळे सांगतात.

ज्यांनी ही किंवा अशी पदवी केली आहे त्यांनी सांगाल का, कामाला लागल्यावर खरं काय उपयोगी पडलं? आणि ते लिहायचं कसं?

सह्यकडा

कृष्णाकाठ, आधी अभिनंदन. मीही याच वाटेने आलो. बीडीएस, मग पिट्सबर्गला बायोमेडिकल इन्फॉर्मॅटिक्स, आणि आता एका रुग्णालय-समूहात नोंदींच्या विश्लेषणाचं काम. नव्या लोकांच्या मुलाखती घेणं हा त्या कामाचाच भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

यादी बायोडेटात जाऊ द्या, तिथे ती लागतेच. लेखात मात्र एकाच प्रश्नाच्या मागे लागा: पदवीच्या आधी समोर आलेला तक्ता तुम्ही जसाच्या तसा खरा धरला असता, आता तोच तक्ता बघताना तुमचं बोट पहिल्यांदा कुठे थांबतं?

मिमिकचा डेटा तुम्ही वापरला असेलच. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या नोंदी, एमआयटीच्या गटाने ओळख पुसून संशोधकांसाठी उपलब्ध केलेल्या. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ४० हजारांच्या वर रुग्ण आहेत, आणि त्यातल्या काहींचं वय काढलं तर ३०० वर्षं येतं. हे मुद्दाम केलेलं आहे. हिपाच्या नियमांत ओळख पुसलेल्या डेटात ८९ च्या वरचं नेमकं वय उघड करायला मनाई आहे, म्हणून या रुग्णांच्या जन्मतारखा दूर मागे ढकलल्या. आता एखाद्याने ‘या ओळी चुकीच्या दिसतात’ म्हणून काढून टाकल्या, तर त्याच्या अभ्यासातून नव्वदीची सगळी माणसं गेली. तशाच ठेवल्या, तर सरासरी वयाचा बोऱ्या वाजला. ही अडचण सोडवायला आरच्या दोन ओळी पुरतात. ती अडचण आहे हे दिसायला मात्र ‘हा आकडा इथे कोणी, कधी, कशासाठी लिहिला?’ ही सवय लागते.

दुसरं उदाहरण आमच्या पिट्सबर्गचं. १९९० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाच्या जिवाला जास्त धोका आहे हे जुन्या नोंदींवरून शिकून सांगणारी संगणकाची मॉडेलं बनवली. एक मॉडेल शिकलं की दमा असलेल्यांना धोका कमी! वैद्यकाशी थोडाही संबंध असलेल्या माणसाला हे खटकेल. कारण असं होतं की दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत, आणि तिथल्या जोरकस उपचारांमुळे तो वाचे. मॉडेलला फक्त शेवट दिसला, उपचार दिसले नाहीत. त्यावर विसंबून दम्याच्या रुग्णाला ‘धोका कमी’ म्हणून घरी पाठवलं असतं तर? रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या निबंधात हे फार नीट मांडलं आहे, जरूर वाचा.

आणि माझं सगळ्यात आवडतं. २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टनच्या दोन रुग्णालयांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. रुग्ण पुढची तीन वर्षं जगेल का याचा अंदाज बांधायला तपासणीचा निकाल जास्त कामाचा, की ती तपासणी कोणत्या वेळी सांगितली ही माहिती? १७४ पैकी ११८ तपासण्यांमध्ये वेळेने निकालाला मागे टाकलं. विचार केला तर पटतं. पहाटे तीनला कोणी हौस म्हणून रक्त काढत नाही. त्या वेळेत डॉक्टरची काळजी नोंदली गेलेली असते, जरी त्या काळजीसाठी वेगळा रकाना कुठेच नसला तरी.

तुम्ही वॉर्डात वावरलेल्या आहात. ही नजर तुमच्याकडे अर्धी आधीच होती, पदवीने उरलेली अर्धी दिली असणार. तुमच्या कॅपस्टोनमध्ये, म्हणजे पदवीच्या शेवटच्या प्रकल्पात, काय केलंत ते इथे लिहा. लेख त्यातूनच निघेल असं मला वाटतं.

पारिजातक

सह्यकडा यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण एक गोष्ट ठामपणे सांगते. मी पुण्यात रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि नवीन माणसं निवडण्याचं काम माझ्याकडे असतं. नजर, दृष्टी वगैरे सगळं हवंच. एसक्यूएल कच्चं असेल तर मात्र ती नजर कामाला लावताच येत नाही. त्यामुळे हत्यारांना कमी लेखू नका.

मुलाखतीत मी एक साधा प्रश्न विचारते. रुग्णांचं एक टेबल, निदानांचं दुसरं. दोन्ही जोडली आणि मधुमेहींची संख्या रुग्णालयातल्या एकूण रुग्णांपेक्षा जास्त आली. का? उत्तर सोपं आहे: एकाच माणसाच्या नावावर पाच भेटींची पाच निदानं आहेत, तुम्ही माणसं न मोजता ओळी मोजल्या. पण पाठ केलेलं एसक्यूएल इथे थांबतं. उमेदवार विचारू लागला की “तुम्हाला मधुमेही म्हणजे कोण हवंय? एकदा कोड पडलेला, दोनदा पडलेला, की औषध चालू असलेला?”, की मला कळतं, हा माणूस आमच्या कामाचा.

कोडप्रणालींचंही तसंच. ‘लॉइंक येतं’ असं लिहिलेले बायोडेटा ढिगाने येतात. प्रत्यक्षात काय असतं? एका प्रयोगशाळेत ‘एचबीए१सी’, दुसरीत ‘ग्लायको एचबी’, तिसरीत ‘तीन महिन्यांची साखर’, चौथीत ती तपासणी एका पॅकेजच्या पोटात दडलेली. हे सगळं लॉइंकच्या ४५४८-४ या एका कोडाखाली आणायचं आणि आणण्याआधी खात्री करायची की खरोखर तीच तपासणी आहे, तेच एकक आहे. भारतात उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहितात, इंग्लंडमध्ये तीच ७ मिलिमोल प्रति लिटर. एकक न बघता दोन्ही एका रकान्यात टाकले तर इंग्लंडचा प्रत्येक मधुमेही साखर उतरून बेशुद्ध पडल्यासारखा दिसेल. कृष्णाकाठ, तुम्ही असं जुळवणीचं काम केलं असेल तर ते लिहा. किती संज्ञा तुम्ही जुळवायचं नाकारलंत आणि का, हेही लिहा. ‘हे एकसारखं दिसतं पण एक नाही’ असं म्हणता येणं हे मोठं कौशल्य आहे आणि बायोडेटात ते मला क्वचित सापडतं.

आणि हो, तुम्ही ज्या गावात शिकताय तिथल्याच रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये १९९४ साली लॉइंक सुरू झालं. भारताबद्दलही एक गोष्ट मनात ठेवा: २०१४ मध्ये भारत स्नोमेडचा सदस्य झाला आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. परत यायचा विचार असेल तर इथेही काम आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नोंदींची देवाणघेवाण फायरवरच चालते, त्यामुळे तिकडे शिकलेलं इथे वाया जात नाही.

बालाघाट

मी परदेशात शिकलेलो नाही. मुंबईत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि आता मराठवाड्यात जिल्हा पातळीवर आरोग्याच्या माहितीचं काम बघतो. तरी लिहितोय, कारण सह्यकडांनी जे बॉस्टनचं सांगितलं तेच आमच्याकडे रजिस्टरात रोज दिसतं.

गर्भवतीची नोंद सासरच्या गावी होते, बारा आठवड्यांच्या आत. आशाताई घरी जातात, कार्ड भरतात. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की मुलगी माहेरी जाते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आता सासरच्या उपकेंद्राच्या आकड्यांत एक गर्भवती आहे आणि तिचं बाळंतपण नाही. माहेरच्या उपकेंद्रात बाळंतपण आहे, आधीच्या तपासण्या नाहीत. तालुक्याचा तक्ता बघणारा म्हणतो, सासरच्या नर्सताईंनी पाठपुरावा केला नाही. तिने केला होता, बाई तिथे नव्हती. २००९ मध्ये नावानिशी पाठपुरावा करणारी एमसीटीएस आली, पुढे माता-बाल आरोग्याचं आरसीएच पोर्टल आलं, ते या कारणासाठीच: आकडे मोजण्याऐवजी माणूस ओळखायचा. पण दोन्ही गावांत तोच क्रमांक वापरला गेला तरच त्याचा उपयोग. कार्ड सासरी कपाटात राहिलं की माहेरी नवी नोंद होते आणि एकीच्या दोघी होतात.

ऊसतोडीचं तर याहून अवघड. दिवाळीच्या आसपास बीडची कुटुंबं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात निघतात, लेकरं बरोबर. सप्टेंबरात जन्मलेल्या बाळाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस नेमके फडावर असताना येतात. तिथल्या नर्सताईंनी कोपीवर जाऊन लस दिली तरी आमच्या गावच्या यादीत ते बाळ ‘बाकी’ राहतं. मग मार्चमध्ये आढावा बैठकीत आमच्या उपकेंद्राची टक्केवारी खाली दिसते आणि बोलणी तिथल्या नर्सताईंना बसतात. हे मला फार लागतं.

म्हणून माझं म्हणणं: तुमच्या लेखात भाजकाबद्दल लिहा. टक्केवारी सगळे बघतात, खालचा आकडा कोणी बघत नाही. ‘ही शंभर माणसं कोण, ती आज कुठे आहेत, आणि यादीत त्यांना कोणी घातलं?’ असं विचारणारा पदवीधर आम्हाला मिळाला तर त्याला फायर आलं नाही तरी आम्ही शिकवू.

कृष्णाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बालाघाट दादा, माहेरच्या बाळंतपणाचं वाचून गलबलून आलं. माझ्या वहिनीची अशीच दोन कार्डं आहेत.

सह्यकडा, कॅपस्टोनचं विचारलंत. आम्ही तिघांनी मिळून एका रुग्णालयाबरोबर ते केलं. विषय होता वॉर्डात रुग्ण पडण्याचा धोका. त्यासाठी मॉर्स फॉल स्केल वापरतात. आधी कधी पडला आहे का याचे २५ गुण, शिरेत सलाईन चालू असेल तर २०, चालताना आधार काय घेतो, चाल कशी आहे, असे सहा मुद्दे, जास्तीत जास्त १२५. प्रत्येक पाळीत नर्स हे गुण भरतात. आम्हाला त्या गुणांवरून एक डॅशबोर्ड बनवायचा होता, म्हणजे कुठल्या खोलीत जास्त लक्ष हवं ते एका नजरेत कळेल.

मी एसक्यूएलने गुण ओढले तेव्हा दिसलं की एका वॉर्डात बहुतेक नोंदी पाळी संपायच्या सुमाराला, एकामागोमाग एक पडलेल्या आहेत, आणि पुष्कळ रुग्णांचे गुण आधीच्या पाळीसारखेच आहेत. माझ्या सहकाऱ्यांना वाटलं की नर्स नुसतं कॉपी करतात. मला ते घाईचं वाटलं. परवानगी काढून मी वॉर्डात जाऊन बसले. नर्स रुग्णाला खरोखर बघत होत्या, चालवूनही बघत होत्या. निरीक्षणं खिशातल्या घडी घातलेल्या कागदावर लिहीत होत्या आणि संगणक मोकळा मिळाला की शेवटी भरत होत्या. म्हणजे बघण्याची वेळ एक आणि नोंदीची वेळ दुसरी.

आणखी एक. फिजिओथेरपिस्टच्या टिपणात ‘वॉकर घेऊन, एकाच्या मदतीने, दहा मीटर’ असं स्पष्ट लिहिलेलं असायचं, आणि त्याच दिवशी नर्सच्या तक्त्यात ‘आधार: नाही’. दोन्ही खरं होतं! फिजिओ आल्यावर वॉकर यायचा, फिजिओ गेल्यावर वॉकर परत जायचा. आधाराच्या त्या एका मुद्द्यात वॉकरचे १५ गुण असतात. म्हणजे बाथरूमला जायला रुग्ण एकटाच, वॉकरशिवाय उठत होता, आणि तक्ता त्याला धोका कमी दाखवत होता.

आम्ही शेवटी सुचवलं की फिजिओच्या टिपणातली चालण्याची नोंद नर्सच्या तक्त्याशेजारी दिसावी, आणि बघण्याची वेळ व भरण्याची वेळ असे दोन वेगळे रकाने असावेत. डॅशबोर्डही दिला, तो सहकाऱ्याने सुंदर केला होता. पण लेखात मी डॅशबोर्डचंच वर्णन करत होते. बाकीचं ‘कौशल्य’ या सदरात येतं असं मनातच आलं नव्हतं.

सह्यकडा

हेच तर सगळं आहे! शांतपणे एकेक बघू या.

नोंदींची वेळ बघून त्या गठ्ठ्याने पडल्यात हे ओळखलंत, हे विश्लेषण. लगेच दोष न देता वॉर्डात जाऊन बसलात, हे कार्यपद्धतीचं निरीक्षण. तुमच्या अभ्यासक्रमात त्यावर एखादा आख्खा विषय असणार, त्याचं नाव घ्या. दोन टिपणांतला फरक पाहून ‘दोन्ही खरं आहे’ म्हणालात, हे माझ्या मते सगळ्यात दुर्मिळ. विसंगती दिसली की लोक एक बाजू खोटी ठरवून मोकळे होतात. तुम्ही शोधलंत की दोन नोंदी दोन वेगळ्या प्रसंगांच्या आहेत. आणि हे तुम्हाला दिसलं कारण वॉकर कोण आणतं आणि कोण घेऊन जातं हे फिजिओथेरपिस्टला ठाऊक असतं. वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या यादीत हे असणार नाही.

यात आणखी एक धागा आहे, तो जरूर ओढा. समजा त्या गुणांवर कोणी अंदाज बांधणारं मॉडेल बसवलं. रुग्ण दुपारी साडेचारला पडला, आणि पाळीचे गुण सातला भरले गेले. भरणाऱ्या नर्सना तो पडल्याचं माहीत आहे, त्यामुळे ‘आधी पडला आहे’ याचे २५ गुण त्यात आले. आता तारखेच्या हिशेबाने मॉडेल शिकवलं तर त्याला उत्तर आधीच कळलेलं असेल आणि कागदावर ते अप्रतिम चालेल. वॉर्डात बसवलं की कोसळेल. तुमच्या दोन वेगळ्या वेळांच्या सूचनेने हा दोष मुळातच टळतो. मुलाखतीत हे सांगितलंत तर समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसेल.

रानजाई

धागा वाचून हिंमत करून विचारते. मी नाशिकला स्टाफ नर्स आहे, बीएस्सी नर्सिंग. आम्हीही असेच कागदावर लिहून मग संगणकात भरतो, त्यामुळे वरचं वाचताना माझ्याच पाळीचं वर्णन वाटलं. कृष्णाकाठ ताई, नर्सना दोष न देता तुम्ही जाऊन बघितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मला कोडिंग अजिबात येत नाही. अशी पदवी मला झेपेल का? आणि एवढा खर्च करण्याआधी घरबसल्या काही चाचपून बघता येईल का?

पारिजातक

रानजाई, नक्की झेपेल. आमच्याकडे दोन सर्वोत्तम माणसं नर्सिंगमधून आलेली आहेत.

आधी एसक्यूएल शिका. चार महिने रोज तासभर दिलात तर कामापुरतं येतं. सरावाला मिमिकची छोटी नमुना आवृत्ती आहे, १०० रुग्णांची. पूर्ण मिमिकसाठी संशोधन-नीतीचं प्रशिक्षण घेऊन करार करावा लागतो, नमुन्याला ते लागत नाही, थेट उतरवून घेता येतो. तुम्हाला त्यातल्या नोंदी वाचताच येतील. संगणकवाल्यांना ‘सलाईनचा वेग’ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते.

दुसरं, संख्याशास्त्राला घाबरू नका, पण टाळूही नका. एक हिशेब कागदावर करून बघा. एक चाचणी आहे, १०० आजाऱ्यांपैकी ९० जणांना पकडते आणि १०० निरोग्यांपैकी ९० जणांना बरोबर सोडते. ऐकायला छान. आता १००० लोकांत १० जण आजारी आहेत असं धरा. १० पैकी ९ सापडले. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांना उगाच ‘आजारी’ म्हटलं. एकूण १०८ जणांना घंटा वाजली, खरे आजारी ९. म्हणजे बारात एकच घंटा खरी. वॉर्डात मॉनिटर सारखे वाजतात आणि शेवटी कोणी वळूनही बघत नाही, हा तुमचा रोजचा अनुभव असेल. त्यामागचं गणित हेच. हे करताना मजा आली तर हा विषय तुमचा आहे. कंटाळा आला तर पदवीचा खर्च करण्याआधी थांबून विचार करा, हे मी मनापासून सांगतेय.

परदेशातच जायला हवं असंही नाही. भारतात आरोग्य-व्यवस्थापनाच्या काही संस्थांत हेल्थ आयटीचा पर्याय असतो. प्रवेश घेण्याआधी विषयांची यादी मागवा. त्यात प्रत्यक्ष रुग्णालयाबरोबरचा प्रकल्प नसेल तर मी तरी तो अभ्यासक्रम घेणार नाही.

मांडवीतीर

पणजीहून. मी एका रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीत काम करते, म्हणून एका गोष्टीची आठवण करून देते. कृष्णाकाठ, तुम्ही यादीत ‘हिपा’ असं एका शब्दात लिहून पुढे गेलात. तिथे थोडं थांबा.

नाव आणि पत्ता काढला की ओळख पुसली, असं अजून चांगले शिकलेले लोकही मानतात. लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकटे ओळखू येऊ शकतात. त्याआधी त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद ‘निनावी’ डेटा आणि मतदारयादी शेजारी ठेवून शोधून काढली होती. आपल्याकडे छोट्या तालुक्यात एखादा दुर्मिळ आजार, वय आणि गाव एवढं छापलं की अख्खा बाजार नाव सांगतो. मी अहवाल वाचायला घेते तेव्हा आधी सगळ्यात छोटे आकडे बघते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या डेटावर काम करताना ११ पेक्षा कमी रुग्णांचा रकाना छापू देत नाहीत, तो नियम तुम्हाला शिकवला असेलच.

आता आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण कायद्याच्या पलीकडे, तुमच्या आलेखातला कोणता रकाना तुम्ही स्वतःहून लपवलात आणि का, हे एका परिच्छेदात लिहिलंत तर मला त्यातून तुमच्याबद्दल पुष्कळ कळेल.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे सल्ले समोर ठेवून काल रात्री नव्याने लिहायला घेतलं. सुरुवात झाली तशी इथे टाकते. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत सांगते:

“फिजिओथेरपिस्ट म्हणून मी रोज नोंदी लिहीत होते, पण माझ्यानंतर त्या कोण वाचतं याचा विचार केला नव्हता. या पदवीत मी नोंद उलट्या दिशेने वाचायला शिकले: तक्त्यातल्या आकड्यापासून सुरुवात करून तो लिहिणाऱ्या हातापर्यंत. कॅपस्टोनमध्ये आम्ही पडण्याच्या धोक्याचे गुण तपासले तेव्हा त्या नोंदींच्या वेळा संशयास्पद वाटल्या. आम्ही वॉर्डात जाऊन निरीक्षण केलं आणि बघण्याची व भरण्याची वेळ वेगळी असल्याचं दाखवलं. फिजिओथेरपीची आणि नर्सिंगची नोंद एकमेकींशी विसंगत होती. आम्ही दोन्ही खऱ्या मानून त्यांच्यातला फरक समजून घेतला. हे करताना एका खोलीतला एकच रुग्ण आलेखात ओळखू येत होता, म्हणून तो आलेख आम्ही वॉर्डाच्या पातळीवर नेला.”

पुढे एसक्यूएल आणि संज्ञांच्या जुळवणीवर एक भाग येईल. पारिजातक ताई, तुम्ही म्हणालात तसं न जुळवलेल्या संज्ञांचंही लिहितेय, त्यांची फाइल माझ्याकडे कारणांसकट आहे. बालाघाट दादा, भाजकाचाही परिच्छेद येतोय: त्या वॉर्डात पाळी संपण्याआधीच घरी गेलेल्या रुग्णांचे गुण भरलेच जात नव्हते, त्यामुळे आमच्या टक्केवारीत ते कुठेच नव्हते. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर काल डेटा पुन्हा उघडून बघितला आणि ते दिसलं. सहकाऱ्यांना लगेच कळवलं, अहवालात ते आता जोडतोय.

रानजाई, तुम्ही एसक्यूएल सुरू केलंत तर मला निरोप पाठवा. शनिवारी माझ्या सकाळी, म्हणजे तुमच्या संध्याकाळी, आपण एकत्र बसू शकतो.

बालाघाट

वा! घरी गेलेले रुग्ण शोधलेत, समाधान वाटलं. आमच्याकडच्या आढाव्यातही हे विचारीन: महिनाअखेरच्या आधी गाव सोडून गेलेल्यांचं काय केलंत?

सह्यकडा

परिच्छेद फार चांगला झालाय. एकच दुरुस्ती. ‘आम्ही वॉर्डात जाऊन निरीक्षण केलं’ असं लिहिलंय. वर तुम्ही सांगितलंत की तुम्ही एकट्या जाऊन बसलात. तिथे ‘मी’ लिहा. डॅशबोर्ड सहकाऱ्याचा, तिथे त्याला श्रेय द्या; मुलाखतीत नेमकं कोणी काय केलं हे विचारतातच. आणि ‘संशयास्पद’ हा शब्द काढा. वॉर्डातल्या नर्सनी हा लेख वाचला तर त्यांना तो टोचेल. ‘एकाच सुमाराला पडलेल्या दिसल्या’ एवढं पुरे आहे.

रानजाई

ताई, शनिवार चालेल. या आठवड्यात माझी सकाळपाळी आहे, संध्याकाळी सातनंतर मोकळी असते. नमुना डेटा आजच उतरवून ठेवते.